अवसादरोधी औषधे व विरामलक्षणे

अवसादावरील औषध दीर्घकाळ घेतल्यानंतर ते एकदम थांबविल्यास किंवा त्याची मात्रा फार झपाट्याने उतरविल्यास जी शारीरिक व मानसिक लक्षणे उद्‌भवतात, त्यांना विरामलक्षणे म्हणतात. चक्कर, मळमळ, घाम, निद्रानाश, ठळक व भयप्रद स्वप्ने, हातापायांना मुंग्या, चिडचिड, अकारण रडू येणे आणि मान वा डोळे वळविताच डोक्यातून विजेचा झटका गेल्याची संवेदना ही त्यांतील प्रमुख होत. ती बहुधा औषध थांबविल्यापासून दोन ते चार दिवसांत सुरू होतात. पुष्कळांत काही आठवड्यांत ओसरतात, काहींत मात्र महिनोन्‌महिने टिकतात. या लक्षणांची पहिली नोंद १९५९ सालची असूनही वैद्यकाने त्यांची पुरेशी दखल घेण्यास २०१९ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत औषध सोडू पाहणाऱ्या अनेक रुग्णांना ‘आजार उलटला’ असे सांगून पुन्हा औषधावर ठेवण्यात आले असावे, हे या इतिहासाचे सर्वांत गंभीर अंग होय.

विरामलक्षणे म्हणजे व्यसन नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंची गल्लत होण्यास एक कारण घडले. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द या मादक पदार्थाचा प्रसार झाला आणि तो न मिळाल्यास होणाऱ्या यातनांना ‘टर्की’ हा शब्द रूढ झाला. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी अनिल व अनिता अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच्या कार्यामुळे मराठी वाचकास विरामाची कल्पना परिचित झाली, पण ती व्यसनाच्या संदर्भातच. अवसादरोधी औषधाची ओढ लागत नाही, नशा येत नाही, मात्रा वाढवीत नेण्याची इच्छाही होत नाही. तथापि औषधाच्या नित्य सान्निध्याने तंत्रिका तंत्र आपली घडी बदलून घेते आणि औषध अचानक काढून घेतल्यास ती नवी घडी विस्कटते. मधुमेह वा रक्तदाब यांवरील औषधांप्रमाणे हीही औषधे ‘सवय न लावणारी’ आहेत, असे सांगणे म्हणूनच अर्धसत्य ठरते.

अंगवळणी पडलेली गोष्ट हळूहळू सोडावी, हे तत्त्व भारतीय वैद्यकास नवे नाही. शरीरास अभ्यासाने मानवू लागलेल्या गोष्टीस आयुर्वेदात ओकसात्म्य अशी संज्ञा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अहितकर सवय एका झटक्यात न टाकता क्रमाक्रमाने, मध्ये काही दिवसांचे अंतर ठेवून, चतुर्थांशाने कमी करीत जावी असे सांगितले आहे. वाग्भटाने तर चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने सोडण्याचा पर्याय दिला आहे. हे विवेचन आहार-विहाराविषयी आहे. त्यात आधुनिक औषधशास्त्र शोधणे अनाठायी होईल. परंतु एकदम सोडल्यानेही विकार होतात हे निरीक्षण त्यात स्पष्ट आहे.

अवसादरोधी औषधांच्या उदयाशी मुंबईचा दूरान्वयाने संबंध येतो. के. ई. एम. रुग्णालयातील हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतून रेसर्पीन वेगळे केले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे दिसून आले व त्यावरून मेंदूतील अमाइने आणि मनःस्थिती यांचा संबंध जोडण्यात आला. हा संबंध पुढे वाटला तितका सरळ ठरला नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर आयप्रोनायझिड दिलेले रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले. स्वित्झर्लंडमधील म्यून्स्टरलिंगेन येथील रोलंड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिनाचा अवसादावरील गुण जाहीर केला आणि या औषधांचे युग सुरू झाले.

इमिप्रामीन बाजारात येऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, १९५९ मध्ये, कॅनडातील मान व मॅक्‌फर्सन आणि डेन्मार्कमधील अँडरसन व क्रिस्टिअन्सन यांनी ते थांबविल्यानंतर उद्‌भवणारी लक्षणे नमूद केली. १९६१ मध्ये क्रेमर, क्लाइन व फिंक या अमेरिकन मानसोपचारज्ञांनी त्यांवर स्वतंत्र निबंधच लिहिला. मळमळ, ओकारी, डोकेदुखी, भोवळ, नाक गळणे, थंडी वाजणे, थकवा, स्नायुदुखी अशी त्यांनी दिलेली यादी आजही ओळखता येते. औषध जितके अधिक काळ घेतलेले तितकी लक्षणांची शक्यता अधिक, हेही त्यांनी दाखविले. १९८४ मध्ये डिल्‌सेव्हर व ग्रेडन यांनी तोवरच्या नोंदींचा आढावा घेतला. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. ते व्यवहारात का आले नाही, याची कारणे प्रस्तुत लेखकास दोन दिसतात. एक, ही लक्षणे पडसे-तापासारखी असल्याने औषधाशी त्यांचा संबंध सहसा जोडला जात नसे. दुसरे अधिक महत्त्वाचे : औषध सुरू कसे करावे याच्या अभ्यासास औषधकंपन्या पैसा पुरवीत, ते थांबवावे कसे याच्या अभ्यासात कोणालाच रस नव्हता.

अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनास मान्यता मिळाली. सेरोटोनिनाचे पुनःशोषण निवडकपणे रोखणाऱ्या या नव्या गटातील औषधांचे दुष्परिणाम जुन्यांहून सौम्य असल्याने ती मानसोपचारज्ञांच्या कक्षेतून सामान्य डॉक्टरांच्या हाती आली व रुग्ण ती वर्षानुवर्षे घेऊ लागले. भारतात १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या द्रव्यावर नव्हे, तर केवळ प्रक्रियेवर पेटंट मिळत असे. ही स्थिती १ जानेवारी २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे देशी कंपन्यांची स्वस्त उत्पादने लहान गावांतील औषधांच्या दुकानांपर्यंत पोहोचली. रुग्णांच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकू नयेत असा नियम असला, तरी एकच जुनी चिठ्ठी दाखवून ती वर्षानुवर्षे घेतली जाण्याचा प्रघातही त्याबरोबर पडला.

विरामलक्षणांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते काहीसे व्यापारी चढाओढीतून. फ्लुओक्सेटीन व त्यापासून शरीरात बनणारे द्रव्य रक्तातून अतिशय सावकाश नाहीसे होते, म्हणजे ते आपोआपच उतरत जाते. उलट पॅरॉक्सेटीन सु. एका दिवसात निम्मे होते आणि व्हेन्लाफॅक्सीन त्याहूनही लवकर. फ्लुओक्सेटिनाची उत्पादक कंपनी इलाय लिली हिने १९९६ मध्ये या विषयावर तज्ञांची बैठक भरविण्यास अर्थसाहाय्य दिले व तीतून ‘खंड-लक्षणसमूह’ या अर्थाचे नाव रूढ झाले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांचे औषध पाच ते आठ दिवस त्यांच्या नकळत थांबविण्यात आले, तेव्हा पॅरॉक्सेटीन घेणाऱ्यांना सर्वाधिक व फ्लुओक्सेटीन घेणाऱ्यांना सर्वांत कमी त्रास झाला. प्रतिस्पर्ध्याचे वैगुण्य दाखविण्याच्या हेतूने का होईना, सत्य उजेडात आले. मात्र ‘विराम’ हा व्यसनाची आठवण देणारा शब्द टाळून दिलेल्या नव्या नावामुळे त्याचे गांभीर्य उणावले. ब्रिटनमधील २००४ व २००९ च्या शासकीय मार्गदर्शनातही ही लक्षणे सामान्यतः सौम्य असून सु. एका आठवड्यात ओसरतात असे म्हटले होते. रुग्णांचे अनुभव याच्याशी जुळत नव्हते. त्यांनी ते संसदीय समित्यांपुढे मांडले आणि अखेर २०१९ मध्ये तेथील मानसोपचारज्ञांच्या रॉयल कॉलेजने व शासकीय मार्गदर्शनानेही आपली भूमिका बदलली.

त्याच वर्षी हॉरोविट्झ व टेलर यांनी मात्रा उतरविण्याचे गणित मांडले. मेंदूच्या प्रतिमांवरून असे दिसते की, सिटॅलोप्रॅमची २० मिग्रॅ. मात्रा सेरोटोनिनाच्या वाहक प्रथिनांपैकी सु. ८० टक्के व्यापते. मात्रा निम्मी केली तरी व्याप्ती सु. ७० टक्के राहते, ५ मिग्रॅ.ला ती ६० टक्क्यांच्या आसपास, ३.४ मिग्रॅ.ला ५० व ०.८ मिग्रॅ.ला २० टक्के असते. म्हणजे २० वरून १० मिग्रॅ.वर येणे ही लहान पायरी, तर ५ वरून शून्यावर येणे हा कडा होय. प्रचलित पद्धतीत गोळी अर्धी, मग पाव करून दोन-चार आठवड्यांत बंद करीत. तीत शेवटीच त्रास का होतो, याचा उलगडा यामुळे झाला. समान वजनाने नव्हे, तर उरलेल्या मात्रेच्या ठराविक हिश्शाने घट करीत शेवटी अगदी अल्प मात्रांवरून उतरावे, असे हे तत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये त्यासाठी क्रमशः घटत्या मात्रांच्या गोळ्यांच्या पट्ट्या तयार करण्यात आल्या.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांसारख्या ठिकाणी या गणिताची खरी कसोटी लागते. बारामती पुण्याहून सु. १०० किमी., तर सोलापूर रस्त्यावरील इंदापूर सु. १३५ किमी. अंतरावर आहे. येरवड्याचे मनोरुग्णालय व ससून रुग्णालय ही दोन्ही पुण्यात असल्याने मानसोपचारासाठी पूर्वी तेथवर जावे लागे. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१९ मध्ये. अशा भागात औषध थांबते ते ठरवून नव्हे. गोळ्या संपल्या, एस. टी.चे भाडे नव्हते, उसाची तोडणी सुरू होती, बरे वाटू लागले, किंवा घरात लग्न ठरले आणि औषधाची वाच्यता नको होती, म्हणून. दोन्ही तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी साखर कारखाने असून गाळप हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्यापैकी कोणाचे उपचार गावाकडे चालू असल्यास सहा महिने ते खंडित होण्याचा धोका उघड आहे. संत तुकारामांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपुरास जाते. तीन आठवड्यांच्या वारीत निघताना औषध बरोबर घेणे ही त्यामुळे क्षुल्लक बाब राहत नाही. मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीने हाच प्रश्न सर्वांपुढे एकदम उभा केला.

येथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या एस्सिटॅलोप्रॅमची सर्वांत लहान गोळी सामान्यतः ५ मिग्रॅ.ची असते व ती सिटॅलोप्रॅमच्या सु. १० मिग्रॅ.च्या बरोबरीची होय. तिचे दोन तुकडे केले तरी निम्म्याहून अधिक व्याप्ती शिल्लकच राहते आणि तेथून पुढच्या पायऱ्या दुकानात मिळत नाहीत. एक दिवसाआड गोळी घेण्याचा प्रकार यावर उपाय म्हणून प्रचलित आहे. पण औषधाची रक्तातील पातळी त्यामुळे रोज वरखाली होते व लक्षणे बळावतात. फ्लुओक्सेटीन हे याला अपवाद म्हणता येईल. काही डॉक्टर त्रासदायक औषधाऐवजी आधी फ्लुओक्सेटीन देऊन मग ते उतरवितात.

विरामलक्षणे आणि आजार उलटणे यांतील भेद उपचारकाला करता येणे महत्त्वाचे असते. विरामलक्षणे मात्रा कमी केल्यावर दिवसांत उद्‌भवतात, आजार बहुधा आठवड्यांनी वा महिन्यांनी उलटतो. विजेचे झटके, भोवळ यांसारखी मूळ आजारात नसलेली लक्षणे विरामाकडे निर्देश करतात. पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू करताच ती काही दिवसांत शमतात. अशा वेळी थोडे मागे जाऊन, स्थिर होऊन, अधिक लहान पायरीने पुन्हा उतरणे हा मार्ग होय. रोजची नोंद ठेवणे, घरातील एका माणसास आधी कल्पना देणे, झोपेची वेळ न मोडणे व मात्रा उतरविण्याच्या काळात मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे लागते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेत असलेल्या व बरे वाटणाऱ्या ४७८ रुग्णांवरील २०२१ च्या चाचणीत, औषध उतरवून थांबविलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार एका वर्षात उलटला. औषध चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ज्यांना अवसादाचे झटके वारंवार येऊन गेले, त्यांनी औषध चालू ठेवणेच अनेकदा हितावह असते. विरामलक्षणांच्या प्रमाणाविषयीही मतभेद आहेत. २०१९ मधील एका आढाव्यात ते निम्म्याहून अधिक दिले होते; २०२४ मध्ये ७९ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात औषध थांबविणाऱ्यांपैकी सु. ३१ टक्क्यांना, तर निष्क्रिय गोळी थांबविणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना लक्षणे आढळली व तीव्र लक्षणे सु. तीन टक्क्यांना. या अभ्यासांपैकी अनेकांत औषध थोडेच महिने घेतलेले होते, हे लक्षात घेता वर्षानुवर्षे ते घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अंमलात आला. सामुदायिक आरोग्य केंद्र व त्यावरील शासकीय रुग्णालयांत आवश्यक औषधे सर्वकाळ विनामूल्य उपलब्ध असावीत, अशी तरतूद त्यात आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत ॲमिट्रिप्टिलीन, एस्सिटॅलोप्रॅम व फ्लुओक्सेटीन यांचा समावेश आहे. ‘सर्वकाळ’ हा शब्द कायद्यात औषध मिळण्यासंबंधी आला आहे. ते उतरविण्यासाठी लागणाऱ्या अल्प मात्रांविषयी अधिनियमात उल्लेख नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर इंदापूर किंवा बारामती तालुक्यातील कोणत्याही गावातून, मराठीतून, विनामूल्य सल्ला घेता येतो.