मोटारसायकलचा पट्टा: घसरण्याकडून दात्यांकडे

पिठाच्या गिरणीत मोटरपासून जात्याकडे धावणारा सपाट पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची कप्पी बारकाईने पाहिली, तर ती मधोमध किंचित फुगीर असते. पट्टा बाजूला सरकू लागला की हा फुगवटाच त्याला पुन्हा मध्यावर आणतो. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला गती देणाऱ्या पट्ट्याचा इतिहास अशाच साध्या पट्ट्यापासून सुरू होतो.

हार्ले-डेव्हिडसनने १९०३ पासून बनवलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाची शक्ती चामड्याच्या पट्ट्याने चाकापर्यंत जाई. तरफेने पट्टा सैल केला की इंजिन मोकळे होई. म्हणजे पट्टा हाच क्लच होता. एका सिलिंडरच्या इंजिनाचे हिसकेही तो थोडा ताणून, थोडा घसरून सोसत असे. अडचण पावसात येई.

ती का येई, हे ऑयलरच्या अठराव्या शतकातील गणितातून कळते. कप्पीभोवती अर्धा फेर घेतलेल्या पट्ट्याचा घर्षणांक ०.३ धरला, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. सैल बाजूला १० किलोग्रॅम वजनाइतका ताण असेल, तर चाक ओढायला सुमारे १५ किलोग्रॅमइतके बल मिळते. ओलाव्याने घर्षणांक निम्मा झाला, तर हेच बल जेमतेम ६ उरते! शिवाय इंजिनाची कप्पी लहान आणि चाकाची मोठी असल्यामुळे लहान कप्पीला अर्धा फेरही मिळत नाही. मग चालकापाशी एकच उपाय राही: पट्टा आणखी ताणणे.

तरीही पट्ट्याने लगेच हार मानली नाही. ब्रिटनमधील ‘रज मल्टी’ या पट्ट्याच्या गाडीने १९१४ साली आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी शर्यत जिंकली. परंतु हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरमध्ये तयार केलेली रोलर साखळी घर्षणावर अवलंबून नव्हती. हार्लेनेही १९१२ पासून साखळी आणली आणि पुढे बहुतेक मोटारसायकलींवर तिचेच राज्य झाले. तिला मात्र तेल लागते, ती आवाज करते आणि झिजून लांबते.

पट्टा परतला तो दाते घेऊन. दात्यांचे रबरी पट्टे १९४० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत केलेल्या शोधातून केवलार हा अरामिड धागा मिळाला. असे न ताणणारे धागे पट्ट्याच्या पोटात आल्यावर तो मोटारसायकलची ओढ सोसू शकला. १९८० च्या हार्ले ‘स्टर्जिस’ गाडीत मागचे चाक दातेरी पट्ट्यावर फिरू लागले.

येथे जुनी सवय मात्र नडते. दातेरी पट्ट्याची पकड दात्यांत असते. तो गरजेपेक्षा जास्त आवळल्याने पकड वाढत नाही, बेअरिंगवरचा भार तेवढा वाढतो. फार सैल असेल, तर दाते उड्या मारतात. म्हणून ताण मोजावा लागतो. पट्ट्याच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर ठरावीक बल लावून तो किती दबतो ते पाहतात. समजा, मोकळी लांबी ५० सेंटिमीटर आहे आणि ४.५ किलोग्रॅमच्या बलाने पट्टा १ सेंटिमीटर दबला. बलाला लांबीने गुणून दबण्याच्या चौपटीने भागले, की ताण सुमारे ५६ किलोग्रॅम येतो. (हे सूत्र बलांच्या त्रिकोणावरून विद्यार्थ्यांना काढता येईल.) प्रत्यक्षात किती दबावे, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाक फिरवत पट्टा सर्वांत घट्ट असेल ती जागा शोधून, तिथे पट्टा थंड असताना मापन करतात.

दुसरी गोष्ट सरळपणाची. या पट्ट्याच्या कप्पीला गिरणीच्या कप्पीसारखा फुगवटा नसतो. मागचा आस जरा तिरका बसला की पट्टा एका कडेला घासू लागतो, आणि धागे ताणत नसल्यामुळे त्या कडेच्या धाग्यांवर जास्त भार येतो. म्हणून मागच्या चौकटीच्या बिजागरीपासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून सारखे करतात, चाक फिरवून पट्टा कुठे धावतो ते पाहतात, आणि आसाचे नट आवळल्यावर ताण पुन्हा तपासतात. कारण आवळताना आस हलू शकतो.

चामड्याचा पट्टा चूक झाली की घसरून ती लगेच सांगत असे. दातेरी पट्टा घसरत नाही, म्हणून तो चूक मुकाट्याने सोसत राहतो आणि एक दिवस रस्त्यात तुटतो. घसरण गेली, तेव्हा तिच्यासोबत मिळणारी सूचनाही गेली; ती जागा आता आपल्या मोजपट्टीने घ्यायची आहे.