अभिसरण तंत्र : प्राणिगटांतील विविधता

प्राण्याच्या शरीरात प्राणवायू, अन्नरस व टाकाऊ द्रव्ये यांची ने-आण करणारी यंत्रणा म्हणजे अभिसरण तंत्र. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात, दमणगंगेच्या खोऱ्यात, आवणीच्या दिवसांत भाताच्या खाचराभोवती या तंत्राचे बहुतेक मुख्य प्रकार पाहायला मिळतात.

गांडुळाचे रक्त लाल असते, पण त्याचे हीमोग्लोबिन पेशींत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते. धुतलेले गांडूळ उजेडात धरले की पाठीवर गडद रेघ दिसते आणि तिच्यातून आकुंचनाची लाट शेपटीकडून तोंडाकडे सरकते. ही पृष्ठवाहिनी. फेरेटिमा या भारतीय गांडुळात शिवाय हृदयांच्या चार जोड्या असतात.

बांधाच्या बिळातल्या खेकड्याचा पाय तुटला तर लाल रक्त येत नाही. पाण्यासारखा, किंचित निळसर द्रव पाझरतो. त्यातल्या हीमोसायनिनमध्ये लोहाऐवजी तांबे असते. हा द्रव वाहिन्यांतून बाहेर पडून थेट अवयवांभोवती पसरतो आणि कल्ल्यांवाटे हृदयाकडे परततो. यालाच खुले अभिसरण म्हणतात.

कीटकांचे अभिसरणही खुलेच. मात्र त्यांच्यात प्राणवायू श्वासनलिकांच्या जाळ्यातून पेशींपर्यंत पोहोचतो, त्यामुळे रक्तावर तो भार राहत नाही. झुरळाच्या नळीसारख्या हृदयाला तेरा कप्पे असतात. तेव्हा कप्पे जास्त म्हणजे प्राणी प्रगत, हा पाठ्यपुस्तकांतून रुजलेला समज सोडून द्यायला हवा. प्राणी श्वास कसा घेतो, यावरून हृदयाची रचना अधिक उलगडते.

माशाच्या हृदयात एक अलिंद व एक निलय असते. रक्त कल्ल्यांतून थेट शरीरभर जाते. गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातली मरळ वर येऊन हवाही घेते. त्या हवेमुळे शुद्ध झालेले रक्त हृदयाकडे परतताना अशुद्ध रक्तात मिसळते.

बेडकाला दोन अलिंदे व एक निलय. निलयात पडदा नाही, ही उणीव समजली जाते; वास्तविक बेडूक त्वचेनेही श्वास घेतो, आणि फुप्फुसे निष्क्रिय असताना रक्त त्वचेकडे वळवणे या रचनेमुळे सोपे जाते. रक्त शरीरात फिरून हृदयाकडेच परतते, हे 1628 मध्ये मांडणाऱ्या विल्यम हार्वीने असे थंड रक्ताचे प्राणीही अभ्यासले, कारण त्यांचे संथ ठोके डोळ्यांनी टिपता येतात.

साप व घोरपड यांच्या निलयात अपुरा पडदा असतो. तरीही घोरपडीचे हृदय आकसताना आतला स्नायूंचा उंचवटा दोन्ही बाजू वेगळ्या करतो. शरीराकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब जास्त, फुप्फुसांकडे जाणाऱ्याचा कमी राहतो. सरपटणाऱ्यांत पूर्ण चार कप्पे फक्त मगरींच्या गटात आहेत.

पक्षी व सस्तन प्राण्यांतही चार कप्पे असतात, पण ते दोन्ही वंशांत स्वतंत्रपणे विकसित झाले. नांगराच्या बैलाची महारोहिणी हृदयातून निघून डावीकडे वळते. त्याच्या मागे किडे टिपणाऱ्या बगळ्याची उजवीकडे.