राजमार्गावरील वाहनतळ व रहिवासी-परवान्याचा आकार

शहरांतील रस्त्याच्या कडेस मोटार उभी करण्याबद्दल जो आकार घेतला जातो, तो भाडें समजावा कीं कर, हा प्रश्न वरवर पाहतां आमच्या वाचकांच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु तो मुळांत कागदांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. जुन्या सनदेंतील एखाद्या कलमाचा अर्थ लावावा, त्याच रीतीनें लंडन येथील न्यायालयानें तो सोडविला. म्हणून त्याचा इतिहास येथें संक्षेपानें मांडीत आहों.

प्रथम एका प्रवादाचें निरसन करणें अवश्य आहे. ‘येथें वाहन उभें करूं नये’ अशा अर्थाचा जगांतील पहिला हुकूम असिरियाचा राजा सेनाखेरीब (इ. स. पूर्वीं ७०५–६८१) यानें निनवे येथें काढला, असें अनेक लेखक बेधडक लिहितात. मूळ लेख पाहिला असतां त्यांत निराळेंच आढळतें. राजमार्गाची रुंदी कोणीं कमी करूं नये. जुनें घर पाडून नवें बांधतांना जो आपला पाया राजमार्गावर आणील, त्यास त्याच्याच घरावर सुळीं द्यावें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे रोख घराच्या अतिक्रमणाकडे आहे, उभ्या रथाकडे नाहीं. एकानें लिहिलें व दुसऱ्यानें उतरून घेतलें, एवढाच या प्रवादाचा आधार दिसतो.

उभ्या वाहनाविषयींचा स्पष्ट निर्णय हवा असल्यास इ. स. १८१२ मधील ‘रेक्स विरुद्ध क्रॉस’ हा खटला पाहावा. उतारूंची वाट पाहत भाड्याच्या घोडागाड्या लंडनच्या रस्त्यांत दीर्घकाळ उभ्या राहत, हा त्यांतील तक्रारीचा विषय होता. सरन्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनीं राजमार्ग म्हणजे कोणाच्या तबेल्याचें आंगण नव्हे, अशा अर्थाचा अभिप्राय देऊन हें कृत्य सार्वजनिक उपद्रव ठरविलें. रस्ता जाण्यायेण्यासाठीं आहे, थांबणें ही सवलत आहे, हक्क नाहीं, हें तत्त्व येथें पक्कें झालें.

पुढें मोटारी आल्या व ही सवलत मोजून विकण्याची कल्पना निघाली. अमेरिकेंतील ओक्लाहोमा शहरीं १६ जुलै १९३५ रोजीं पहिलें वाहनतळ-मापक यंत्र बसलें. तासास पांच सेंट असा दर होता. लंडनमध्यें अशीं यंत्रें १० जुलै १९५८ रोजीं वेस्टमिन्स्टर भागांत सुरू झालीं. तेथें तासास सहा पेन्स घेत, व मुदत उलटल्यास दहा शिलिंग जादा भरावे लागत. परंतु बाहेरून येणारे लोक अशा जागा टाळून आसपासच्या गल्ल्यांत मोटारी लावूं लागले कीं, तेथील रहिवाशांस स्वतःच्या दारापुढें जागा मिळेना. रहिवासी-परवाना हा त्यावरील तोडगा. मात्र या परवान्यानें अमुक एक जागा धारकाची होत नाहीं. आपल्या विभागांत रिकामी जागा शोधण्याची मुभा तेवढी त्यास मिळते.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. लंडनच्या बार्नेट विभागाच्या कौन्सिलानें २०११ सालीं पहिल्या मोटारीचा वार्षिक परवाना ४० पौंडांवरून १०० पौंडांवर नेला, आणि पाहुण्यांसाठीं लागणारी चिठी १ पौंडाची ४ पौंडांस केली. एका रहिवाशानें उच्च न्यायालयांत दाद मागितली. कौन्सिलाचा आधार १९८४ च्या ‘रोड ट्रॅफिक रेग्युलेशन ॲक्ट’ मधील ५५ व्या कलमाचा होता. खर्च भागून शिल्लक उरल्यास ती रस्ते-वाहतुकीच्या ठराविक कामीं लावावी, असें तें कलम सांगतें. म्हणून शिल्लक पाडण्यासाठीं दर वाढविण्याची मुभाही त्यांतच आली, असा कौन्सिलाचा युक्तिवाद होता.

न्यायमूर्ति लँग यांनीं जुलै २०१३ मध्यें तो अमान्य केला. उरलेल्या पैशांचें काय करावें हें सांगणारें कलम पैसा उभारण्याचा अधिकार देत नाहीं. हा कायदा वाहतुकीचें नियमन करण्यासाठीं आहे, महसूल वाढविण्यासाठीं नाहीं; १९९५ च्या केम्डन कौन्सिलाविरुद्धच्या खटल्यांतही हेंच म्हटलें होतें. बार्नेटच्या कौन्सिलाचा हेतु इतर खर्चासाठीं शिल्लक निर्माण करण्याचा होता, हें पुराव्यावरून सिद्ध झाल्यामुळें वाढ बेकायदा ठरली.

या निकालाचा अर्थ ‘आकार वाढवितां येत नाहीं’ असा करणें म्हणजे निनवेच्या लेखाची गत पुन्हां करणें होय. वाढीच्या रकमेनें नव्हे, तर हेतूनें ती रद्द झाली. गर्दी आवरण्यासाठीं, वाहतुकीच्या सोयीसाठीं तीच रक्कम विचारपूर्वक ठरविली असती, तर निकाल कदाचित् निराळा झाला असता. दुसरी बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. वर्षास १०० पौंड म्हणजे आठवड्यास दोन पौंडांहून कमी. लंडनमधील मोटारभर सार्वजनिक जमिनीचें हें भाडें फारसें नव्हे, आणि ज्याच्यापाशीं मोटार नाहीं त्याचाही त्या जमिनीवर तितकाच हक्क आहे. या आक्षेपांत तथ्य आहे असें आम्हांस वाटतें. तथापि जमिनीचें भाडें घ्यावयाचें असेल तर तें भाडें म्हणून, उघडपणें, तसा अधिकार कायद्यानें मिळवून घ्यावें. नियमनाच्या नांवाखालीं कर बसविला, तर कर बसविणारास जाब विचारण्याचा मार्गच बंद होतो.

आमच्या वाचकांपैकीं जे संग्राहक आहेत, त्यांस एक विनंति. या वादांत जय मिळाला तो कौन्सिलाच्याच दप्तरामुळें. परंतु कागदी परवाने आतां अनेक ठिकाणीं बंद होऊन त्यांची जागा संगणकांतील नोंदींनीं घेतली आहे. जुन्या चिठ्या, परवाने, दरपत्रकें व जाहीर नोटिसा रद्दींत जात आहेत. जकातीच्या पावत्या आपण आज ज्या आस्थेनें जपतों, त्याच आस्थेनें हे कागदही जपले पाहिजेत. जकात मालाच्या जाण्यायेण्यावर होती, हा आकार थांबण्यावर आहे. परंतु सरकारानें प्रजेपासून काय घेतलें व कोणतें कारण सांगून घेतलें, हें दोहोंवरून सारखेंच कळतें.