सूक्ष्म पेचकस
सूक्ष्म पेचकस : घड्याळे, चष्मे, कॅमेरे, मापनाची उपकरणे, दूरध्वनी इ. वस्तूंमधील बारीक स्क्रू बसविण्यासाठी व काढण्यासाठी वापरण्यात येणारे हातहत्यार. साधारणपणे ३ मिमी. वा त्याहून कमी व्यासाच्या स्क्रूंकरिता असलेल्या पेचकसांना (स्क्रू ड्रायव्हरांना) ही संज्ञा लावतात. सुताराच्या किंवा मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या पेचकसाची ही केवळ लहान आवृत्ती नव्हे. मोठ्या पेचकसाच्या बाबतीत पुरेसा जोर कसा लावता येईल हा प्रश्न असतो. सूक्ष्म पेचकसाच्या बाबतीत जोर मर्यादेत कसा राहील हा प्रश्न असतो. स्क्रूची पीळ सहन करण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे व्यास निम्मा झाला की ही क्षमता एक अष्टमांशच उरते. यामुळे सूक्ष्म पेचकसाची मूठ मुद्दाम बारीक ठेवतात. ती तळहातात धरीत नाहीत. अंगठा व मधले बोट यांच्या चिमटीत धरून फिरवितात आणि तर्जनी मुठीच्या माथ्यावरील मोकळ्या फिरणाऱ्या टोपीवर टेकवितात. तर्जनी स्थिर राहते व दांडा तिच्याखाली फिरतो. दाब आणि पीळ ही दोन कार्ये अशा रीतीने दोन वेगळ्या बोटांकडे जातात.

इतिहास : मळसूत्राचा उपयोग प्राचीन भूमध्यसागरी प्रदेशात द्राक्षे व ऑलिव्ह दाबण्याच्या लाकडी यंत्रांत होत होता, मात्र दोन भाग जोडणारा धातूचा स्क्रू यूरोपात पंधराव्या शतकाच्या सुमारास प्रचारात आला. चिलखते व तोड्याच्या बंदुका ही त्याची पहिली क्षेत्रे होत. दक्षिण जर्मनीतील वोल्फेग किल्ल्यात दीर्घकाळ जतन झालेल्या, १४७५–९० या काळातील एका सचित्र हस्तलिखितात स्क्रूचे आटे कापण्याच्या लेथचे चित्र आहे. पेचकसाच्या उगमाचा शोध घेणारे लेखक विटोल्ड रिब्चिन्स्की यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पेचकसाच्या आद्य चित्रणाचा मान या हस्तलिखिताला दिला आहे. हातोडा, करवत, पटाशी ही हत्यारे हजारो वर्षांची असता पेचकस मात्र जेमतेम सहा शतकांचा ठरतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

घड्याळांत आरंभी स्क्रू नव्हते. चौकटीचे भाग पाचरी, निमुळत्या खिळी व रिव्हेटे यांनी जोडीत. सोळाव्या शतकात स्क्रूंचा शिरकाव झाला आणि घड्याळ लहान होत गेले तसतसे स्क्रूही लहान होत गेले. प्रत्येक कारागिराजवळ आटे पाडण्यासाठी भोके असलेली स्वतःची पोलादी पट्टी असे व त्या पट्टीवर पाडलेले आटे इतर कोणाच्या पट्टीशी जुळतीलच असे नसे. एकाच घड्याळातील दोन स्क्रूही परस्परांच्या जागी बसत नसत. म्हणून काही कारागीर स्क्रूच्या डोक्यावर व त्याच्या भोकाजवळ सारख्या संख्येचे ठिपके उमटवीत. डोक्यावरील खाच हातानेच पाडलेली असल्याने तिची रुंदी व खोलीही वेगवेगळी असे. अशा परिस्थितीत तयार पेचकस विकत घेऊन काम भागणे शक्य नव्हते. घड्याळजी पोलादी पाते समोरच्या खाचेला जुळेल असे स्वतः घासून घेई. ही सवय पुढे स्क्रू यंत्रावर होऊ लागले तरीही टिकली व आजही चांगल्या घड्याळजीच्या मेजावर तेलाचा दगड असतो.

या अव्यवस्थेला धक्का अमेरिकेतून बसला. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मॅसॅचूसेट्स राज्यातील वॉल्थम येथील घड्याळ कंपनीने स्क्रू तयार करणारे स्वयंचलित यंत्र मांडले. अदलाबदल करता येण्याजोगे भाग यंत्राने मोठ्या प्रमाणात होऊ शकतात, हे पाहून परतलेल्या स्विस निरीक्षकांनी मायदेशी धोक्याचा इशारा दिला. त्यांपैकी झाक दाव्हीद यांचा अहवाल विशेष प्रसिद्ध आहे. जिनीव्हा येथील प्राध्यापक मार्क त्यूरी यांनी १८७८ मध्ये घड्याळाच्या स्क्रूंसाठी एक सुसंगत पद्धती मांडली. तीत लगतच्या दोन आट्यांमधील अंतर (अंतराल) १ मिमी.पासून सुरू होऊन प्रत्येक पुढील क्रमांकाला आधीच्याच्या ०·९ पट होत जाते आणि व्यासही अंतरालावरून एका सूत्राने ठरतो. आट्यांचा कोन ४७·५° ठेवला होता. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ मध्ये थोड्या फेरफारांसह हीच पद्धती पुरस्कारिली व ती ‘बी. ए.’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिमी., तर दहा क्रमांकाचा १·७ मिमी. असतो. इंच हेच मोजमापाचे प्रमाण मानणाऱ्या ब्रिटनमध्ये मिलिमीटरवर आधारलेली ही पद्धती रुळली हे नवलच म्हटले पाहिजे. ब्रिटिश बनावटीची विद्युत् उपकरणे, दूरध्वनी व रेडिओ यांच्याबरोबर बी. ए. आटे भारतातही आले. जुन्या यंत्राचा हरवलेला स्क्रू शोधताना दुरुस्ती करणाऱ्यास अद्याप ते भेटतात. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ०·३ ते १·४ मिमी. व्यासांच्या सूक्ष्म आट्यांसाठी स्वतंत्र मानक केले.

या सर्व प्रयत्नांचा रोख आट्यांवर होता. स्क्रू भोकात बसला पाहिजे, या गरजेपुढे पेचकस स्क्रूत नीट बसला पाहिजे ही गरज मागे पडली. बारीक स्क्रूंच्या पुढील इतिहासातील बहुतेक अडचणी या उपेक्षेतून निर्माण झाल्या आहेत.

पात्याची घडण : सरळ खाचेच्या स्क्रूसाठी चपट्या टोकाचे पाते लागते. बाजारातील स्वस्त पेचकसाचे टोक पाचरीसारखे निमुळते असते. असे टोक खाचेच्या केवळ वरच्या कडांवर टेकते. पीळ देताच त्याच्या उतरत्या बाजू त्याला वर ढकलतात, ते निसटते व जाताना कडा सोलून काढते. चांगल्या पात्याच्या दोन्ही बाजू टोकाजवळ एकमेकींना समांतर असतात किंवा किंचित अंतर्वक्र घासलेल्या असतात, त्यामुळे ते खाचेच्या भिंतींना पूर्ण उंचीत भिडते. पात्याची जाडी खाचेत ढिली राहू नये इतकी असावी. रुंदी स्क्रूच्या डोक्याच्या व्यासाइतकी किंवा त्याहून अगदी थोडी कमी असावी. पाते अधिक रुंद असेल तर खोलगट भोकात बसविलेल्या स्क्रूभोवतालची पट्टी ओरखडते. फार अरुंद असेल तर सर्व जोर खाचेच्या मध्यभागी येऊन डोके दुभंगण्याची भीती असते. घड्याळजीच्या संचात ०·५, ०·६, ०·८, १, १·२, १·४, १·६, २, २·५ व ३ मिमी. रुंदीची पाती असतात. ल लोक्ल या स्विस गावातील, १७९१ पासून चालत आलेल्या बेर्झों या प्रसिद्ध पेढीच्या संचात ती मुठीवरील रंगीत कड्यांवरून ओळखतात. भिंगातून पाहणाऱ्या कारागिराला अंक वाचण्यापेक्षा रंग पाहणे सोपे जाते.

पात्याचे पोलाद निवडताना दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ घालावा लागतो. कठिनीकरण करून (तापवून एकदम थंड करून) तसेच ठेवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते व टोकाचा कोपरा उडतो. पायन (पुन्हा कमी तापमानापर्यंत तापविणे) अधिक झाल्यास ते मऊ होऊन टोक पिळवटते. दर्जेदार पात्यांसाठी उच्च कार्बनी पोलाद, क्रोम-व्हॅनेडियम पोलाद किंवा धक्के सोसणारे सिलिकॉनयुक्त हत्यारी पोलाद वापरतात. पेचकसाचा दर्जा पोलादाच्या छापील नावावरून नव्हे, तर टोकावरून जोखावा. कडा स्वच्छ व चौकोनी आहेत काय, दांडा फिरविला असता टोक एकाच जागी राहते की भिरभिरते, चकाकीसाठी दिलेल्या मुलाम्याने कोपरे गोल झाले आहेत काय, हे साध्या भिंगातून दिसते. बारीक टोकावर मुलाम्याचा पातळ थरही आकार बिघडविण्यास पुरेसा असतो. झिजलेले पाते बदलता येते किंवा पुन्हा घासता येते, हा चांगल्या पेचकसाचा आणखी एक गुण. संचातील पेचकसांची संख्या मात्र दर्जाचे गमक नव्हे.

चुंबकित टोक विद्युत् उपकरणांच्या कामात सोयीचे असते, कारण सुटा स्क्रू त्याला चिकटून राहतो. यांत्रिक घड्याळात मात्र ते टाळतात. केसासारख्या बारीक कमानीचे वेढे चुंबकित होऊन एकमेकांस चिकटले, तर घड्याळ भलतेच पुढे धावू लागते (→ घड्याळ).

उत्तम प्रतीच्या घड्याळांतील पोलादी स्क्रू चकाकी देऊन सु. ३००° से.पर्यंत तापवितात. पृष्ठावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर निर्माण होऊन त्यांना गडद निळा रंग येतो. या रंगाचा एक अनपेक्षित उपयोग आहे : पाते निसटले की निळ्या डोक्यावर पांढरा ओरखडा उमटतो व तो लपविता येत नाही. घड्याळ यापूर्वी कोणाच्या हातून गेले आहे, हे जाणकार या ओरखड्यांवरून सांगतो. काही स्क्रूंचे आटे डावे असतात. पुष्कळ घड्याळांत चावीच्या चाकांपैकी एकाचा स्क्रू असा असतो व त्याच्या डोक्यावर मुख्य खाचेच्या दोन्ही बाजूंस आणखी एकेक रेघ कोरलेली आढळते. ही खूण न ओळखता नेहमीच्या दिशेने पीळ दिल्यास डोके तुटून हातात येते.

फुलीची व पाकळ्यांची खाच : सरळ खाचेत पाते आपोआप मध्यभागी येत नाही. कारखान्यात वेगाने स्क्रू बसविताना ही उणीव फार जाणवू लागली. कॅनडातील पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ मध्ये चौकोनी खाच काढली. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील हेन्री फिलिप्स यांनी जॉन टॉमसन यांची कल्पना विकत घेऊन सुधारलेल्या फुलीच्या खाचेला १९३६ मध्ये एकस्वे (पेटंट) मिळाली व त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत ती स्वीकारली. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असल्याने पीळ मर्यादेबाहेर गेला की टोक वर उचलले जाते. हा गुण मुद्दाम ठेवला होता की दोषच पुढे गुण म्हणून मिरविला गेला, याविषयी मतभेद आहेत. मोठ्या स्क्रूत हे निसटणे सोसते, १·५ मिमी. व्यासाच्या स्क्रूत दोनतीनदा तसे घडले की खाचेची वाटी होते.

भारतात मिस्त्री फिलिप्सच्या पेचकसालाच ‘स्टार’ म्हणतात. या नावाखाली दिसायला सारखे, पण मापाने भिन्न असे अनेक आकार एकत्र झाले आहेत. जपानी औद्योगिक मानकातील फुली फिलिप्सच्या फुलीहून सूक्ष्म तपशिलांत वेगळी आहे. फिलिप्सचे टोक तिच्या तळापर्यंत पोहोचत नाही व वरच्या वरच फिरून ती खराब करते. जपानी मानकाचे टोक मात्र फिलिप्सच्या खाचेत समाधानकारक चालते. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची दुर्दशा पुष्कळदा गंज किंवा जास्त आवळणे यांमुळे नव्हे, तर या एका गैरसमजामुळे झालेली असते. अशा पुष्कळ स्क्रूंच्या डोक्यावर एक लहान ठिपका असतो, तो पाहून पेचकस निवडावा.

अमेरिकेतील कॅमकार टेक्स्ट्रॉन या कंपनीने १९६७ मध्ये टॉर्क्स ही सहा पाकळ्यांची खाच प्रचारात आणली. तिच्या भिंती उभ्या असल्याने टोक वर ढकलले जात नाही व थोड्या दाबातही पूर्ण पीळ देता येतो. बारीक स्क्रूंना हा आकार विशेष मानवला. मात्र यात निसटण्याची पळवाट नसल्याने जास्त पीळ दिल्यास खाचेऐवजी स्क्रूच तुटतो. म्हणून कारखान्यांत ठराविक पिळाला आपोआप सुटणारे पेचकस वापरतात.

खाच आणि दुरुस्तीचा अधिकार : पेचकस सहज मिळू नये असा आकार मुद्दाम निवडण्याची पद्धतही रूढ झाली. सार्वजनिक जागी चोरी टाळण्यासाठी किंवा धोकादायक विद्युत् दाबाचे भाग झाकण्यासाठी ती समर्थनीय आहे. वस्तूच्या मालकालाच तिच्या आत जाण्यास रोखले जाते तेव्हा तिचे समर्थन अवघड होते. ॲपल या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये आपल्या एका सुवाह्य संगणकाच्या बॅटरीसाठी पाच पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू वापरले. २०१० मध्ये निघालेल्या आयफोन ४ या दूरध्वनीच्या आरंभीच्या नगांत फिलिप्सचे स्क्रू होते, नंतरच्या नगांत त्यांची जागा पाच पाकळ्यांच्या स्क्रूंनी घेतली. या आकाराचे पेचकस त्या वेळी बाजारात जवळजवळ नव्हते. थोड्याच काळात इतर उत्पादकांनी ते बनविले व आज ते सूक्ष्म पेचकसांच्या साध्या संचातही मिळतात. वाद मात्र मिटला नाही. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीविषयीचा कायदा केला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्याच महिन्यात दुरुस्तीच्या अधिकारासाठी संकेतस्थळ सुरू केले. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक विनियमानुसार उपकरणातील लहान बॅटरी वापरणाऱ्यास बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आली पाहिजे व त्यासाठी खास हत्यार लागत असेल, तर ते उत्पादकाने वस्तूबरोबर विनामूल्य दिले पाहिजे. या तरतुदीच्या अंमलासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविण्यात आली आहे.