डिलीट होण्याआधी पाहा

आपला 'फजिती' हा शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. तिकडे तो 'फदीहा'. अर्थ बेअब्रू, भानगड. यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इजिप्तमधून त्यावर व्हिडिओ येऊ लागले, तेव्हा हा शब्द शीर्षकांत वारंवार दिसे. जोडीला दुसरे ठरलेले आमिष : 'डिलीट होण्याआधी पाहा'. आत पुष्कळदा भानगड नसेच.

फसवणे सोपे होते. व्हिडिओला शोधशब्द, म्हणजे टॅग, चढवणाराच जोडी. दर्शनी चित्र बराच काळ व्हिडिओच्या मध्यातून उचलले जाई, म्हणून काही बिलंदर नेमके तिथे भलतेच चित्र घुसवत. मात्र टॅगांची प्रत्येक लांबलचक रांग लबाडीची नव्हती. तिकडे एकच शब्द अरबी लिपीत, फ्रेंच वळणाने आणि अंक मिसळलेल्या रोमनमध्येही लिहितात. 'ऐन'साठी ३, घशातल्या 'ह'साठी ७. सापडायचे तर सगळी रूपे देणे भाग होते.

मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ते आमिष कधी कधी शब्दशः खरे असे. मे २००७ मध्ये मोरोक्कोत यूट्यूब काही दिवस बंद पडले. जुलैत रिफ डोंगरातल्या तारगिस्टजवळ लाच घेणारे जांदार्म पोलीस कुणीतरी लपून टिपले आणि ती दृश्ये यूट्यूबवर आली. नोव्हेंबरात इजिप्तच्या वाएल अब्बास यांचे, पोलिसी छळाची दृश्ये असलेले खाते खुद्द यूट्यूबनेच बंद केले. ओरड झाल्यावर परत दिले. ट्युनिशियाने त्याच वर्षी डेलीमोशन आणि यूट्यूब अडवले. ते मोकळे झाले १३ जानेवारी २०११ला, राष्ट्राध्यक्ष बेन अली पळाले त्याच्या आदल्या संध्याकाळी.

खोट्या खुणेचा सर्वांत बहारदार वापरही ट्युनिशियनांचाच. 'नवात' या गटाने राजकीय कैद्यांच्या साक्षींचे व्हिडिओ कार्थेजच्या राष्ट्राध्यक्ष-प्रासादाच्या जागेवर नोंदवले. गूगल अर्थवर प्रासाद पाहू जाणाऱ्याला त्यावर साक्षीच साक्षी दिसत. चित्रण तिथले नव्हते. काटेकोर पाहिले तर ही दिशाभूलच. पण त्या साक्षींचे उत्तर ज्याने द्यायचे, त्याचा पत्ता बरोबर होता.

२०१२मध्ये यूट्यूबने किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला वजन दिले. त्याच वर्षी टॅग प्रेक्षकांच्या नजरेआड गेले. आज असा जुना व्हिडिओ हाती लागला, तरी चढवणाऱ्याने तो कोणत्या शब्दांनी सापडावा असे ठरवले होते, हे पानावर दिसत नाही.