हाफलिंग भामटा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळातील एक लोकप्रिय पात्र. हाफलिंग ही जेमतेम ३ फूट उंचीची माणसासारखी जमात, तर भामटा हा पात्राचा पेशा. खेळाडू या पेशाला इंग्रजीतल्याप्रमाणे ‘रोग’च म्हणतात; मराठीत ते आजाराचे नाव वाटते म्हणून येथे भामटा.

या जोडीचे मूळ टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) या कादंबरीत आहे. तिच्यात घरबशा बिल्बो बॅगिन्सला मोहिमेवर नेतात ते घरफोड्या म्हणून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात ही जमात ‘हॉबिट’ याच नावाने होती. हक्कदारांनी हरकत घेतल्यावर ‘हाफलिंग’ हे नाव आले. गंमत अशी, की तेव्हा हॉबिटला फक्त लढवय्या होता येई, तेही चौथ्या पातळीपर्यंतच. भामट्याचे पूर्वरूप असलेला चोराचा पेशाच मुळी १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला.

पात्र रचताना (२०१४ च्या नियमांनुसार) सर्वांत मोठा आकडा चपळाईला द्यावा. १५ ठेवले, तर जमातीचे २ मिळून १७ होतात. ‘लाइटफूट’ पोटजात घेतल्यास मोहिनीत १ ची भर पडते. थापा मारायला ती लागतेच. ‘स्टाउट’ अधिक काटक, विषाला सहज न बधणारा. मोठे धनुष्य या अंगाला पेलत नाही. आखूड धनुष्य, खंजीर किंवा रेपियर पुरे. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला, तर हाफलिंगला तो पुन्हा टाकता येतो. हे नशीब इतर कोणत्याही जमातीला नाही.

पण खरी मेख वेगळीच आहे. लाइटफूट आपल्याहून मोठ्या प्राण्याच्या आडोशाला लपू शकतो, आणि मोहिमेत असा आडोसा बहुधा सोबत्याचाच असतो. चोरट्या वारासाठीही शत्रूच्या ५ फुटांत एखादा साथीदार उभा असला, की काम भागते. पहिल्या पातळीवर त्याने सहा बाजूंच्या एका फाशाइतकी इजा वाढते. म्हणजे हा भामटा टोळीच्या जिवावर जगतो. तरीही नवखे खेळाडू पहिल्याच बैठकीत सोबत्यांच्याच थैल्या कापतात आणि ‘माझे पात्र असेच आहे’ म्हणून हात झटकतात. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्याचा हा प्रकार. त्याऐवजी तो चोरीला का लागला, कोणाचे देणे बुडवून गाव सोडले आणि कोणाच्या घरी तो कधीच हात मारणार नाही, एवढे आधी ठरवावे. खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला त्यातूनच कथा सापडते.

२०२४ च्या नियमांत चपळाईची वाढ जमातीऐवजी पूर्वायुष्याशी जोडली गेली आणि चाल २५ फुटांवरून ३० झाली. आडोसा आणि नशीब मात्र कायम आहेत. आडोसा तर आता सगळ्याच हाफलिंगांना मिळतो.