ओळख आणि वशिला : नोकरीच्या बातमीचा इतिहास

मंडळी, एखादा मुलगा नोकरीला लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "कोणाची ओळख होती?" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. जागा रिकामी आहे हे कुणीतरी सांगणं, ही ओळख. नियम वाकवून ती जागा मिळवून देणं, हा वशिला. शब्दांची अशी फोड करणं ही तत्त्वज्ञानाच्या मास्तरांची खोड समजा, पण आज ती कामाची आहे. वशिल्याची लाज वाटून आपली शिकलेली मुलं बातमीसुद्धा विचारत नाहीत. हा घोटाळा झाला कसा, ते पाहू.

मालवणात 1837 साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते. लवकरच ते सिंधमधल्या हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर झाले. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते, त्यामुळे पदवी हीच ओळख होती. 'डिग्री घेतली की नोकरी चालून येते' ही समजूत त्या काळातली आहे. तो काळ गेला, समजूत मात्र आपल्या घराघरांत राहिली.

बाकीचं कोकण चाकरमानी झालं. आधी गेलेल्या गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायची आणि सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. आत कोणाला घ्यायचं ते जॉबर ठरवी. काम आहे ही बातमीही त्याच्याकडे आणि दारही त्याच्याकडे. म्हणून त्याला दस्तुरी द्यावी लागे. ओळख आणि वशिला यांची गाठ बसली ती इथं. 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर टीका केली. 1935 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची रीतसर नोंद सुरू झाली, ती जॉबरची पकड ढिली करण्यासाठीच.

पुढे सरकारने बातमी उघडी करायचं ठरवलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी 1945 मध्ये निघालेली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज 1948 पासून सर्वांना खुली झाली. आमच्या पिढीने तिथं कार्ड काढलं, ते रिन्यू केलं आणि 'कॉल'ची वाट पाहिली. पण 1959 चा कायदा काय सांगत होता? सरकारी आस्थापनांनी आणि 25 किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवायच्या. तिथूनच माणूस घ्या, अशी सक्ती त्यात नव्हती. म्हणजे कायद्याने बातमीची सोय केली, नोकरीची हमी दिली नाही. आपण कार्डालाच हमी समजलो आणि घरी बसलो.

आता जरा अमेरिकेत जाऊ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं, नोकरीची बातमी कोणाकडून कळली? 1973 साली त्याने निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी जवळच्या मित्राकडून मिळाली नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्या माणसांकडून मिळाली होती. कारण साधं आहे, जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं.

दोडामार्गला हे नीट लागू पडतं. 1999 मध्ये तालुका झाला, पण कामाची वाट अजून डिचोली, म्हापसा आणि आता मोपा इकडेच जाते. तिथं सरकारी नोकरीला साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तिळारीचं पाणी सीमा ओलांडून जातं, आपल्या मुलाचा अर्ज अडतो. धरणासाठी गाव सोडलेल्यांच्या मुलांनी नोकरीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि शेवटी एकरकमी पैशांचा तोडगा निघाला. हा सल आपण विसरायचा नाही. पण त्यात अडकून खाजगी कामाच्या बातमीलाही मुकायचं नाही.

तेव्हा मुलांनो, सरकारी पोर्टलवर नाव नोंदवाच, जाहिराती वाचाच. शिवाय जेमतेम ओळख असलेल्या दहा जणांची नावं लिहून काढा. दोन वर्षं पुढची सीनियर, रोज मोटारसायकलने गोव्यात जाणारा शेजारी, कंपनीत माल पोचवणारा टेम्पोवाला. त्यांना "मला लावा" म्हणू नका. तीनच गोष्टी विचारा. तुमच्याकडे काम काय चालतं? माणसं कधी घेतात? त्यांना काय यावं लागतं? यात लाज कसली? बातमी विचारणं म्हणजे वशिला मागणं नव्हे. आणि जो पैसे मागेल तो जुना जॉबरच समजा, तिथून उठा.

शेवटचं आपल्या वयाच्या मंडळींसाठी. घरात पहिल्यांदाच डिग्री आलेल्या पोराकडे अशी दहा नावंसुद्धा नसतात. आपल्या कानावर आलेली बातमी आपण भाच्यापुतण्यापुरती ठेवली, तर आपणही जॉबरच झालो. ती वाडीभर सांगा.